गोव्यातील विवाहनोंदणी आणि विवाहपूर्व करार : मुदतीचे लग्न मागणाऱ्यांनी पारखून घ्यावी अशी सेवा

लग्न पाच-सात वर्षांच्या मुदतीचे असावे, मुदत संपल्यावर दोघांची इच्छा असेल तर त्याचे नूतनीकरण व्हावे आणि इच्छा नसेल तर कोर्टकचेरी न करता ते आपोआप संपावे, ही मागणी हल्ली तरुण मुलामुलींच्या बोलण्यात बऱ्याचदा येते. माझ्या लेकीनेही लग्न ठरल्यावर ती घरात मांडली, आणि ती थट्टेने बोलत नव्हती. आजूबाजूला रखडलेले घटस्फोट आणि नुसते सोसत राहिलेले संसार पाहिलेल्या मुलीला असे वाटावे यात नवल नाही. म्हणूनच तिच्या लग्नाच्या निमित्ताने गोव्याच्या नागरी निबंधक तथा उपनिबंधक कार्यालयातील विवाहनोंदणी आणि विवाहपूर्व कराराची सेवा आम्ही वापरली, तेव्हा मी ती या प्रश्नाच्या कसोटीवर लावून पाहिली. लग्न हा करार आहे असे सरळ धरून चालणारी, आणि सर्व धर्मांच्या लोकांना खुली असणारी ही व्यवस्था मुदतीच्या लग्नाची मागणी कितपत भागवते, आणि जे भागवत नाही ते मागण्याजोगे आहे का, हे या परीक्षणात सांगायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्या १०५६ व्या कलमात विवाह म्हणजे कुटुंब कायदेशीरपणे उभारण्यासाठी दोन व्यक्तींनी केलेला कायमचा करार, अशी व्याख्या होती. पुढे १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा व २५ डिसेंबरला विवाहाचा कायदा झाला. नव्या कायद्याने विवाह हा निव्वळ नागरी करार ठरवला. तो कायमचा आहे असे गृहीत धरले जाईल, पण घटस्फोटाने तो मोडता येईल, अशी त्याची मांडणी आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि म्हणून आजही गोव्यात लग्न लागते ते मंडपात नव्हे तर कार्यालयातील पुस्तकात. होम, सप्तपदी, मंगलाष्टके हे सगळे आम्हीही केले आणि मनापासून केले. परंतु नोंदणी नसेल तर नवरा-बायको म्हणून मिळणारे नागरी हक्क या विधींनी मिळत नाहीत. (चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिक जोडप्यांसाठी १९४६ च्या हुकूमनाम्याने वेगळी वाट आखलेली आहे, तिच्यात मी येथे शिरत नाही.)

नोंदणी दोन टप्प्यांत होते आणि गोव्यात सगळे त्यांना ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ असेच म्हणतात. पहिल्या सहीच्या वेळी दोघांनी जन्मदाखले, रहिवासी दाखले आणि साक्षीदार यांसह हजर राहून आपला विवाहाचा इरादा जाहीर करायचा असतो. त्यानंतर नोटीस लागते, हरकत घेण्यास अवसर मिळतो आणि ठरावीक काळ उलटल्यावर दोघांनी पुन्हा येऊन त्या इराद्यावर शिक्कामोर्तब करायचे असते. आम्ही गेलो त्या कार्यालयात गर्दी होती आणि बसायला बाके अपुरी होती, पण मेजापलीकडच्या बाईंनी दाखल्यांवरील नावांची स्पेलिंगे एकेक अक्षर बोट ठेवून तपासली, एका ठिकाणी जावयाच्या वडिलांच्या नावात फरक होता तो आधी दुरुस्त करून आणायला सांगितले, आणि मुलीला थेट तिच्याकडे पाहून विचारले, “तू स्वतःच्या मर्जीने सही करतेस ना?” घरच्यांच्या घोळक्यात हा प्रश्न तिला एकटीला उद्देशून विचारला गेला, याचे मला फार मोल वाटते. देवाब्राह्मणांसमोर तो कोणी तिला विचारला नव्हता.

दोन सह्यांमधल्या या मधल्या काळाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. मुदतीच्या लग्नाची मागणी करणाऱ्यांना जी गोष्ट हवी असते, म्हणजे शांतपणे आणि कोणाची बेअब्रू न होता माघार घेण्याची संधी, ती येथे लग्नाच्या शेवटी नव्हे तर उंबरठ्यावर ठेवलेली आहे. दुसरी सही होईपर्यंत लग्न झालेले नसते आणि त्या काळात ‘मला हे नको’ असे म्हणण्यासाठी वकील लावावा लागत नाही. मात्र याच सोयीचा गैरफायदाही घेतला जातो. पहिली सही झाली म्हणजे लग्न झाले अशी समजूत अजून अनेक घरांत आहे; मग विधी होतात, मुलगी सासरी जाते, दुसरी सही ‘सवडीने करू’ म्हणून राहून जाते आणि पुढे बिनसले की कायद्याच्या लेखी ती कोणाचीच पत्नी नसते. आमच्या परिचयातल्या एका मुलीवर ही वेळ आली आहे. म्हणून या सेवेतील माझी पहिली तक्रार अशी की पहिल्या सहीची पावती हाती देताना ‘अद्याप विवाह पूर्ण झालेला नाही’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत मराठी-कोंकणीत छापलेले असावे आणि ते तोंडीही सांगितले जावे. आम्हाला ते सांगितले गेले नाही. आम्हाला माहीत होते म्हणून निभावले.

आता विवाहपूर्व कराराकडे येते, कारण या सेवेचा गाभा तोच आहे. भारतात अन्यत्र लग्नाआधी मालमत्तेबद्दल केलेल्या कराराला न्यायालयात भरवशाचे स्थान नाही. गोव्यात मात्र तो विशेष नोटरीसमोर, म्हणजे असे दस्त करण्याचा अधिकार असलेल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, रीतसर दस्त करून नोंदवता येतो. काहीच करार केला नाही तर सर्व मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणजे लग्नाआधीची आणि नंतरची, दोन्हीकडची, आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. करार करायचा झाल्यास मालमत्ता पूर्णपणे वेगळी ठेवता येते, किंवा लग्नानंतर मिळवलेली तेवढी सामाईक ठेवता येते. चौथा, पत्नीकडून आलेल्या संपत्तीची वेगळी व्यवस्था लावणारा प्रकारही पुस्तकात आहे, पण तो आता कोणी निवडताना दिसत नाही. लेकीचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे आणि जावयाच्या घरची जमीन अजून भावाभावांत सामाईक आहे. म्हणून दोघांनी तिसरी वाट पसंत केली : आधीचे ज्याचे त्याच्याकडे, नंतरचे दोघांचे.

हा दस्त करण्यापूर्वीच्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जे बोलणे झाले तसे बोलणे मी एरवी कोणत्याही लग्नघरात ऐकलेले नाही. विहीणबाई माहेरच्या कोल्हापूरकडच्या. त्या कळवळून म्हणाल्या, “अहो विहीणबाई, अजून अक्षता पडल्या नाहीत आणि वाटण्या कसल्या लिहून घेता? आमच्याकडं हे अपशकुनाचं मानतात.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी उत्तर देण्याआधी जावईच त्यांना म्हणाला, “आई, बाबा गेल्यावर तुला काकांच्या सहीसाठी किती वर्षं थांबावं लागलं? हे आधी लिहिलेलं असतं तर?” त्या गप्प झाल्या, पण रुसून नाही. मग दोघा मुलांनी आपापली कर्जे, बचत, आईवडिलांच्या औषधपाण्याची जबाबदारी, मूल झाल्यावर कोणाचा धंदा किती दिवस मागे पडेल, हे सगळे कागदावर मांडले. दस्तात त्यातले फार थोडे गेले. दस्त मालमत्तेपुरताच असतो. पण ते बोलणे झाले ते दस्ताच्या निमित्तानेच.

दस्त इंग्रजीत होता आणि नोंदवण्यापूर्वी तो वाचून दाखवण्यात आला. वाचणारे गृहस्थ एका वाक्यापाशी थांबले आणि मराठीत म्हणाले, “हे नीट ऐका. एकदा लग्न झालं की यातला शब्दही बदलता येत नाही. घाई असेल तर आज सही करू नका.” सरकारी मेजावरून मिळालेला इतका स्वच्छ सल्ला मला दुसरा आठवत नाही. संहितेच्या ११०५ व्या कलमाचा तोच अर्थ आहे : विवाहपूर्व करार विवाहानंतर बदलता येत नाहीत. या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण या सेवेची खरी उणीव तीच आहे.

त्याआधी मुदतीच्या लग्नाचा विचार सरळ केला पाहिजे. ही कल्पना काही केवळ गप्पांतली नाही. जर्मनीत २००७ साली बव्हेरियाच्या सीएसयू पक्षातील गाब्रिएले पाउली यांनी लग्न सात वर्षांनी आपोआप संपावे आणि दोघांनी पुन्हा होकार दिल्यास पुढे चालावे असा प्रस्ताव मांडला होता; त्यांच्याच पक्षाने तो झिडकारला. मेक्सिको सिटीच्या विधिमंडळात २०११ साली लिओनेल लुना यांनी किमान दोन वर्षांच्या, नूतनीकरण करता येईल अशा विवाह कराराची तरतूद सुचवली; तिचाही कायदा झाला नाही. प्रत्यक्ष कायद्यात मुदतीचे लग्न पाहायचे तर इराणकडे पाहावे लागते. तेथील नागरी संहितेत, शिया परंपरेला अनुसरून, ठरावीक काळापुरत्या विवाहाला मान्यता आहे. त्यातून जन्मलेली मुले औरस मानली जातात, पण कायमच्या विवाहात जोडीदाराला मिळणारा वारसाहक्क अशा विवाहात मिळत नाही. हा तपशील मला फार बोलका वाटतो. नात्याला मुदत घातली की कायदा त्या नात्यातून मिळणारे हक्कही आखडते घेऊ लागतो आणि ते आखडतात ते बहुधा बायकोच्या बाजूने.

याचे कारण शोधायला दूर जायला नको. अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहणारे कुटुंब घराच्या भिंतीला खिळाही विचारून मारते. ओटा नवा बांधत नाही, परसात झाड लावत नाही. संसारात मात्र सुरुवातीच्या वर्षांतच एका बाजूला, आणि आपल्याकडे ती बाजू बहुतेक वेळा बाईचीच असते, सगळे पणाला लावावे लागते : गाव सोडायचे, नोकरी सोडायची किंवा कमी करायची, बाळंतपण निभवायचे, सासऱ्यांच्या आजारपणात रात्री जागवायच्या. या श्रमाचे फळ दहा-पंधरा वर्षांनी मिळते. पाचव्या वर्षी नूतनीकरणाची तारीख आली की तीन वर्षांचे मूल कडेवर असलेली आणि हातची नोकरी गेलेली स्त्री वाटाघाटीला बसेल. आणि समोरचा, ज्याची बढती त्याच काळात झालेली आहे, तोही बसेल. या दोघांची मर्जी सारखी मोकळी आहे असे कोण म्हणेल? मुदत दोघांना सारखीच लागू असते. मुदतीचे भय मात्र सारखे वाटले जात नाही. लेकीला मी हे बोलून दाखवले तेव्हा तिने केलेला प्रतिप्रश्नही तितकाच रास्त होता : मग कायमच्या लग्नात तिची मर्जी मोकळी असते का? नसते. म्हणूनच प्रश्न मुदतीचा नसून तिच्या हातात काय उरते याचा आहे, आणि येथे गोव्याच्या व्यवस्थेचे पारडे जड होते.

निम्मा वाटा ही गोव्यात भाषणात सांगायची गोष्ट नाही, ती रोज दारात येते. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत नवऱ्याला घर किंवा जमीन विकायची असेल तर बायकोची सही लागते. विकत घेणारा आणि बँक दोघेही ती मागतात. प्राप्तिकर कायद्यानेही हे मान्य केले असून पगार वगळता इतर उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे विभागून दाखवावे लागते. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याचा निम्मा वाटा हा वारसा म्हणून मिळत नाही, तो त्याचा आधीपासूनचाच असतो; वारसांमध्ये वाटणी होते ती उरलेल्या निम्म्याची. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला हाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला; मुंबई-पुण्यात खोली किंवा फ्लॅट घेऊन राहिलेल्या गोव्याच्या कुटुंबांनी तो लक्षात ठेवावा. सगळेच गोमटे आहे असे मात्र नाही. याच १८६७ च्या संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता आणि त्या जुन्या सवयीचे वळण घराघरांत अजून दिसते. वाटा बायकोचा, पासबुक नवऱ्याच्या कपाटात, असे चित्र मी माझ्याच नात्यात पाहिले आहे.

बाहेर पडण्याच्या वाटेचेही असेच आहे. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद गोव्यात १९१० च्या कायद्याने आली. हिंदू विवाह कायद्यात ती यायला १९७६ साल उजाडावे लागले. गोव्याच्या तरतुदीत लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि दोघांनी वयाची पंचवीस वर्षे ओलांडलेली असावीत अशी अट आहे. म्हणजे एकत्र राहून पाहण्यास पुरेसा काळ द्यावा, त्यानंतर दोघांनाही नको असेल तर एकमेकांवर चिखलफेक न करता वेगळे होऊ द्यावे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी झालेला होता. मुदतीच्या लग्नाच्या बाजूने जे सर्वात वजनदार कारण सांगितले जाते ते हेच की वेगळे होण्यासाठी कोणाला तरी दोषी ठरवावे लागते. ते कारण परस्परसंमतीच्या घटस्फोटाने बहुतांश निकालात निघते. जेथे एकालाच वेगळे व्हायचे आहे तेथे खटला चालतो आणि तो रेंगाळतो, हे खरे. परंतु ते दुखणे न्यायालयांच्या दिरंगाईचे आहे, त्यावर लग्नाला मुदत घालणे हा उपाय नव्हे.

मग लेकीच्या मागणीतले काय उरते? उरते ते नूतनीकरण, आणि तेवढ्यापुरती मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. सव्वीसाव्या वर्षी ठरवलेल्या अटी चाळीसाव्या वर्षी तशाच कशा पुरतील? धंदा वाढतो किंवा बुडतो, मूल विशेष गरजा घेऊन जन्माला येते, एकाला परदेशी जावे लागते, आईवडिलांचे घर अंगावर पडते. या प्रत्येक वळणावर दोघांनी मिळून, आपखुशीने, नोटरीसमोर बसून जुना दस्त बदलावा असे वाटले तरी गोव्याचा कायदा त्यांना तो बदलू देत नाही. ही अट एके काळी दुबळ्या बाजूच्या रक्षणासाठी आली असेल, कारण लग्नानंतर दबाव आणून बायकोचा वाटा काढून घेणे सोपे असते. आणि ती भीती आजही खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत. फ्रान्समध्ये १९६५ च्या सुधारणेने लग्नाला दोन वर्षे झाल्यावर मालमत्तेची पद्धत बदलण्याची मुभा दिली आणि २०१९ मध्ये दोन वर्षांची अटही काढून टाकली. जर्मनीत नवरा-बायकोला असा करार लग्नानंतर केव्हाही नोटरीसमोर करता येतो. गोव्याने वारसा, विशेष नोटरी आणि मालमत्ता-यादी यांविषयी २०१२ चा नवा कायदा केला, तेव्हा या प्रश्नालाही हात घालण्याची संधी होती. दोघांची संमती, प्रत्येकासाठी वेगळा वकील, धनकोंना नोटीस आणि बदल स्वीकारण्यापूर्वी निबंधकाने दोघांना वेगवेगळे बसवून विचारलेला तोच प्रश्न, जो माझ्या मुलीला विचारला गेला, एवढी पथ्ये घालून दुरुस्तीची वाट उघडी केली, तर लग्न कायमचे राहील आणि त्याच्या अटी मात्र काळाबरोबर चालतील. नूतनीकरण करायचेच असेल तर ते अटींचे करावे, माणसाचे नव्हे.

सेवा म्हणून माझे मत विचाराल तर ही सेवा घ्यावीच, आणि विशेषतः विवाहपूर्व दस्ताकडे ‘श्रीमंतांचे प्रकरण’ म्हणून पाठ फिरवू नये. दस्त विवाहाआधी, शक्यतो पहिल्या सहीच्याही आधी नोंदवावा. मसुदा तयार करणारा वकील दोघांचा एकच नसावा. मसुदा घरी आणून मराठीत समजून घ्यावा. कार्यालयात वाचून दाखवतात तेव्हा मागे रांग असते आणि शंका विचारायला जीव होत नाही. कार्यालयाने दस्ताचा मराठी-कोंकणी नमुना भिंतीवर लावला तर अनेक घरांचे भले होईल. दुसऱ्या सहीची तारीख पत्रिका छापण्यापूर्वीच ठरवून टाकावी, आणि विधी आधी व सही नंतर असा क्रम कोणी सुचवत असेल तर मुलीकडच्यांनी तो निक्षून नाकारावा.

गोव्याशी रहिवासाचा संबंध नसलेल्या जोडप्यांना मात्र ही वाट खुली नाही. महाराष्ट्रात नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असल्यास १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे : दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान तीस दिवसांचा रहिवास, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत विवाह. त्यात नोटिशीचा काळ आहे, परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूदही आहे. निम्मा वाटा नाही, आणि तो ठरवून घेण्यासाठी लग्नाआधी दोघांनी एका मेजाशी बसावे असे सांगणारे कोणी नाही. निदान घर घेताना खरेदीखतावर दोघांची नावे घालणे आणि दोघांनी आपापले मृत्युपत्र करणे, एवढे तेथील जोडप्यांना आजच्या कायद्यातही करता येते.